बॉयकॉट : एका आडनावाचं क्रियापद कसं झालं

आडवाट

बॉयकॉट या शब्दाची फोड ‘बॉय’ अधिक ‘कॉट’ अशी करून अर्थ लावायचा प्रयत्न मी वर्गात अनेकदा ऐकला आहे. बोलताना तर त्याचा सर्रास ‘बायकॉट’ होतो. मुळात ते एका माणसाचं आडनाव आहे. आणि ज्याचा जन्म कुठे, कधी, कुणामुळे झाला हे इतकं नेमकं सांगता येतं अशी क्रियापदं इंग्रजीत फार थोडी, म्हणून हा धागा.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट १८३२ साली इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात जन्मला. काही काळ सैन्यात होता, नंतर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शेती करू लागला. १८७०च्या दशकात तो मेयो परगण्यात, लॉख मास्क नावाच्या तळ्याकाठी राहायला आला. तिथली जमीन लॉर्ड अर्नच्या मालकीची. मालक दूर उत्तरेत राहायचा, आणि कुळांकडून खंड वसूल करणं, थकला तर त्यांना जमिनीवरून काढणं, हे काम बॉयकॉटकडे. थोडक्यात, तो जमीनदाराचा कारभारी होता.

१८७९ साली पीक बुडालं. बटाट्याच्या मोठ्या दुष्काळाला जेमतेम तीस वर्षं झाली होती, त्या वेळी उपाशी मेलेल्यांची मुलं आता कुळं म्हणून राबत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेयोतल्या कॅसलबार गावी लँड लीग ही कुळांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना स्थापन झाली. तिच्यामागे मायकेल डेव्हिट होता, ज्याच्या घरच्यांना तो चार वर्षांचा असताना जमिनीवरून हुसकलं होतं. अध्यक्ष झाला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, जो स्वतः जमीनदार घराण्यातला.

१८८० च्या सप्टेंबरात लॉर्ड अर्नच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालक १० टक्क्यांच्या पुढे जाईना. त्याच सुमारास, १९ सप्टेंबरला, एनिस गावच्या सभेत पार्नेलने लोकांना विचारलं, की शेजाऱ्याला हुसकून मोकळी केलेली जमीन जो कसायला घेईल त्याचं तुम्ही काय कराल? गर्दीतून आवाज आले, ‘गोळी घाला’. त्यावर पार्नेल म्हणाला, की याहून चांगला, ख्रिस्ती माणसाला शोभेलसा मार्ग आहे. तो रस्त्यात भेटला तर तोंड फिरवा, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनेच्या जागीसुद्धा त्याला एकटं सोडा. जुन्या काळी महारोग्याला जसं वेगळं काढत, तसं त्याला वेगळं काढा.

तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, बॉयकॉटच्या कुळांवर नोटिसा बजावायला न्यायालयाचा माणूस पोलीस घेऊन आला. तीन नोटिसा लागल्या. पुढच्या घरांशी बायका जमल्या आणि त्यांनी दगड, चिखल, शेण यांचा असा मारा केला की सगळे बॉयकॉटच्या घरात पळाले. दुसऱ्या दिवशी लोक त्या घरी गेले आणि तिथल्या नोकरांना काम सोडायला सांगितलं. नोकर गेले. मग लोहार येईना, धोबीण येईना, टपाल आणणारा पोरगा येईना, जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. शेतात सलगम, बटाटे, धान्य उभं, आणि काढायला माणूस नाही.

शब्दाची गोष्ट इथे सुरू होते. अमेरिकेतला पत्रकार जेम्स रेडपाथ तेव्हा या भागात फिरत होता. जवळच्या नील गावचे धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याकडे तो जेवायला बसला होता. तो म्हणाला, ‘या प्रकाराला काय नाव द्यावं सुचत नाही. ऑस्ट्रसाइझ (समाजाबाहेर टाकणं) म्हणावं, तर शेतकऱ्यांना कळायचं नाही.’ ओमॅलींनी थोडा विचार केला आणि विचारलं, ‘आपण त्याला बॉयकॉट करणं असंच म्हटलं तर?’ हा प्रसंग खुद्द रेडपाथनेच लिहून ठेवला आहे.

लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये २० नोव्हेंबर १८८० ला हे क्रियापद अवतरणचिन्हांत आलं, आणि तेही बॉयकॉटबद्दल नाही. न्यू पॅलस या दुसऱ्याच गावच्या लोकांनी कुणाला तरी ‘बॉयकॉट’ करायचं ठरवलं, अशी ती बातमी होती. म्हणजे दोन महिन्यांत ते आडनाव त्या माणसापासून सुटलं होतं.

---

रानजाई

मी आयर्लंडमधल्या गॉलवेत राहते, बॅलिनरोब इथून फार लांब नाही. ‘लॉख’ म्हणजे आयरिशमध्ये तळं. तो शेवटचा ‘ख’ इंग्रजांना जमत नाही, मराठी माणसाला सहज जमतो!

आडवाट, तुम्ही पीक काढणीचा भाग गाळलात, आणि माझ्या मते शब्द जगभर गेला तो त्याच्यामुळे. बॉयकॉटने ऑक्टोबरात ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली अवस्था मांडली. ते वाचून उत्तरेतले, जमीनदारांच्या बाजूचे लोक खवळले. कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतले पन्नास ऑरेंजमन (ब्रिटनशी एकनिष्ठ प्रॉटेस्टंट संघटनेचे लोक) त्याची सुगी उरकायला निघाले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते क्लेअरमॉरिसला आगगाडीतून उतरले आणि पावसात चालत बॅलिनरोबला गेले. त्यांच्या रक्षणाला सैनिक आणि पोलीस मिळून हजाराच्या घरात माणसं होती. शेतातलं पीक सुमारे ५०० पौंडांचं, आणि ते काढायला सरकारचे व मदतीला आलेल्यांचे किमान १०,००० पौंड गेले. पार्नेल म्हणाला की एकेक सलगम सरकारला एका शिलिंगला पडलं.

त्या दिवसांत तिथे फारशी मारामारी झाली नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फादर ओमॅली आणि लीगची माणसं लोकांना आवरत होती. फौज बघायला रस्त्यावर या, पण हात उचलू नका, असं सांगत होती. एवढी फौज आली आणि तिला लढायला कुणी सापडलंच नाही.

नोव्हेंबर संपताना बॉयकॉट कुटुंबासह निघाला. त्याची गाडी हाकायला कुणी तयार होईना, म्हणून सैन्याची रुग्णवाहिका मागवावी लागली. डब्लिनच्या हॉटेलात उतरला, तर हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र आलं. शेवटी तो इंग्लंडला गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेला गेला तेव्हा त्याने ‘कनिंगहॅम’ हे नाव लावलं होतं.

---

दगडफूल

उत्तम धागा. रेडपाथने टाळलेल्या ‘ऑस्ट्रसाइझ’बद्दल थोडं लिहितो.

तो शब्द ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’वरून, म्हणजे खापरीवरून. अथेन्समध्ये नागरिक खापरीच्या तुकड्यावर एकाचं नाव खरवडून मत देत. एकूण ६,००० मतं पडली तरच मतदान धरलं जाई, आणि ज्याचं नाव जास्त त्याला दहा वर्षांसाठी शहर सोडावं लागे. त्याची मालमत्ता मात्र जप्त होत नसे, आणि तो परत येऊ शकत असे. म्हणजे ऑस्ट्रसाइझमध्ये माणूस गाव सोडून जातो. बॉयकॉटमध्ये माणूस गावातच राहतो, आणि गाव त्याच्यातून निघून जातं. ओमॅलींनी कठीण शब्दाला सोपा पर्याय दिला असं म्हणतात, पण मला वाटतं की त्यांना वेगळ्या गोष्टीसाठी वेगळा शब्द मिळाला.

पार्नेलच्या भाषणात आणखी एक जुना वाक्प्रचार आहे. इंग्रजीत कुणाशी बोलणं टाकलं की त्याला ‘कॉव्हेंट्रीला पाठवलं’ म्हणतात. पार्नेलने त्याचाच ‘नैतिक कॉव्हेंट्री’ केला. पण तो राहिला अबोला धरण्यापुरता. दुकानदार, लोहार, मजूर, टपाल हे सगळं एकदम बंद होणं त्यात मावत नव्हतं.

---

सांजवारा

एक शंका. मालावर बहिष्कार टाकणं तर याआधीही होतं ना? गुलामगिरीविरोधी चळवळीत इंग्लंडमधल्या बायकांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली होती असं वाचलं आहे.

---

आडवाट

बरोबर. १७९१ नंतरची ती गोष्ट. मळ्यांवर गुलाम राबवून काढलेली साखर घरात आणायची नाही, असं हजारो कुटुंबांनी ठरवलं होतं. त्याआधी अमेरिकेतल्या वसाहतींनी ब्रिटिश माल आयात करायचा नाही असे करार केले होते. कृती जुनीच होती, तिला एकच एक क्रियापद नव्हतं. ‘वर्ज्य करणं’, ‘आयात न करणं’ अशी लांबलचक भाषा वापरावी लागे. १८८० नंतर जुन्या घटनांनाही मागाहून हाच शब्द लागला.

बाकी भाषांनी तो जसाच्या तसा उचलला. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, स्पॅनिश, इटालियन या सगळ्यांत आपापला प्रत्यय लावून हेच आडनाव क्रियापद म्हणून वापरतात. जपानीतही ‘बोइकोट्टो’ आहे. मराठीला त्याची तितकी गरज पडली नाही, कारण आपल्याकडे बहिष्कार होताच.

---

गोरखचिंच

याच मुद्द्यावर एक महत्त्वाचा मराठी धागा जोडतो. वंगभंगाची घोषणा झाल्यावर ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरच्या बहिष्काराचा ठराव झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बनारसला भरलं आणि अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी अध्यक्षीय भाषणात या शब्दाच्या उगमावरच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की ‘बॉयकॉट’ या शब्दाला त्याच्या जन्मामुळे वाईट वास चिकटला आहे. तो उच्चारला की सर्वांत आधी दुसऱ्याला इजा करायची सूडबुद्धी मनात येते. बंगालने तो वापरला याचं त्यांनी समर्थन केलं, कारण लोकांचा संताप इंग्लंडपर्यंत पोहोचवायचा होता. पण कायमचं धोरण म्हणून त्यांना ‘स्वदेशी’ हाच शब्द हवा होता.

टिळकांचं मत उलटं. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत बहिष्कार हे स्वतंत्र सूत्र आहे. राज्य चालतं ते आपल्या सहकार्यावर, ते काढून घ्या, हा त्यांचा विचार. तो पार्नेलच्या फार जवळचा आहे. पुण्यातले दोघे पुढारी एका आयरिश शब्दाच्या वजनावर इतक्या गंभीरपणे वाद घालत होते, हे मला आजही विलक्षण वाटतं. मी टिळकांच्या बाजूचा आहे. दुबळ्याच्या हातात नकाराशिवाय दुसरं काय असतं?

---

नांगरट

गोरखचिंच, तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही. नकार फक्त दुबळ्याच्या हातात नसतो.

माझ्या आत्याचं सासर कोकणात. गावाचं नाव लिहीत नाही. देवळाच्या जागेच्या वादात तिच्या सासऱ्यांनी गावकीचा निर्णय मानला नाही, आणि घर वाळीत पडलं. गिरणीवाला दळण घेईना. शेतावर गडी येईना. लग्नाची अक्षत देऊ केली तर कुणी हातात धरेना. शिमग्याला पालखी सगळ्यांच्या अंगणात नाचली आणि या घरावरून तशीच पुढे गेली. सासरे वारले तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे नातेवाईक येईपर्यंत थांबावं लागलं. कोकणातल्या माणसाला पालखी चुकण्याचं दुःख काय असतं ते वेगळं सांगायला नको.

वरची बॉयकॉटची हकिगत वाचताना लोहार, धोबीण, दुकानदार ही यादी आली, तेव्हा मला त्यात आत्याचंच घर दिसलं. बॉयकॉटमागे लॉर्ड होता, फौज होती, ‘टाइम्स’ होता. आत्याच्या घरामागे कुणी नव्हतं. दोन्हीला एकच शब्द कसा लावायचा?

---

रानजाई

नांगरट, मनापासून लिहिलंत. आयर्लंडमध्येही पुढच्या काळात हे हत्यार नेहमीच जमीनदारावर चाललं असं नाही. रिकामी जमीन घेणारा साधा शेतकरी, त्याला माल विकणारा छोटा दुकानदार, यांच्यावरही ते पडलं. पार्नेलचं एनिसचं भाषण नीट पाहिलं तर त्यातला माणूस जमीनदार नाहीच, तो हुसकलेल्या शेजाऱ्याची जमीन घेणारा दुसरा कूळ आहे. १८८७ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने बॉयकॉट करणं हाच गुन्हा ठरवला. अर्थात तो कायदा केला होता जमीनदारांना वाचवायला.

---

आडवाट

नांगरट यांच्या प्रश्नाला माझ्या मते सर्वांत नेमकं उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलं आहे, तेही कायद्याच्या भाषेत.

मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली. तिला स्टार्ट समिती म्हणतात आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात बहिष्काराचं वर्णन आहे. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना कसत्या जमिनीवरून काढायचं, मजुरी बंद करायची, गावकामाचा मोबदला थांबवायचा, वहिवाटीच्या वाटेने जाऊ द्यायचं नाही, गावच्या वाण्याने जिन्नस विकायचे नाहीत. हे वाचताना बॅलिनरोब आठवतं आणि लगेच लक्षात येतं की इथे सगळं उलटं फिरलं आहे. मेयोत कुळांनी कारभाऱ्याचं काम सोडलं. इथे जमीनवाल्यांनी मजुराचं पोट बांधलं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर अनेक गावांनी हे भोगलं.

म्हणून पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रेट्टमले श्रीनिवासन यांनी संरक्षणाची जी योजना मांडली तिच्यात बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा असावा असं कलम आहे. त्याची व्याख्या त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशच्या बहिष्कारविरोधी कायद्यातून थोड्या फरकाने घेतली, आणि तसं स्पष्ट नमूदही केलं. घर किंवा जमीन वापरू न देणं, कामाला न लावणं, देवघेव न करणं, नेहमीचे सामाजिक व्यावसायिक संबंध तोडणं, एवढं सगळं त्या व्याख्येत आहे. बहिष्कार टाकणं, त्याची चिथावणी देणं आणि त्याची धमकी देणं हे तीन वेगळे गुन्हे त्यांनी धरले. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. गावात बहुतेक वेळा प्रत्यक्ष वाळीत टाकायची वेळच येत नाही, नुसत्या धाकावर काम होतं.

‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ (१९२४) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) ही नावं याच्या शेजारी ठेवून पाहा. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हे करायचं काम आहे. बाबासाहेबांच्या नावांत तो झालेला अन्याय आहे. दोघांमध्ये वीस वर्षांचं अंतर आणि शब्द तोच.

---

दगडफूल

कायद्याचं पुढचं थोडक्यात. १९४९ साली मुंबई राज्याने जातीबाहेर किंवा पंथाबाहेर काढण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी ती आव्हानित केली आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांचं होतं. मग अर्धं शतक महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदाच नव्हता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, एकामागून एक कुटुंबं पुढे आली, आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

नांगरट, गिरणी, पालखी, अंत्यविधी यांतली अडवणूक या कायद्याखाली येते. आत्याच्या घरी अजून त्रास असेल तर जरूर विचार करा.

---

नांगरट

धन्यवाद. मधल्या काळात गावातल्या तरुण पोरांनीच तडजोड घडवली, आता पालखी थांबते. कायद्याचा उल्लेख त्या बैठकीत झाला होता एवढं आत्याकडून ऐकलं.

---

सांजवारा

मी शाळेत इंग्रजी शिकवते. वापराबद्दल कुणी लिहील का? मुलं ‘बॉयकॉट ऑन’ लिहितात.

---

आडवाट

मुलांची चूक आपल्या ‘वर’मुळे होते. मराठीत आपण सभेवर बहिष्कार टाकतो. इंग्रजीत हे सकर्मक क्रियापद आहे आणि कर्म थेट लागतं. ‘दे बॉयकॉटेड द मीटिंग’ एवढंच, मध्ये ‘ऑन’ नाही, ‘टू’ नाही. नाम म्हणून वापरलं की मग शब्दयोगी येतो, ‘अ बॉयकॉट ऑफ द इलेक्शन’. नामाबरोबर ‘ऑन’ही दिसतो, म्हणून मुलांचा आणखी गोंधळ होतो. स्पेलिंगमध्ये शेवटी मुळातच दोन टी आहेत, भूतकाळासाठी वेगळा वाढवायचा नाही.

जवळच्या शब्दांशी फरकही शिकवा. स्ट्राइकमध्ये आपण आपलं काम थांबवतो. बॅन वरून येतो, सत्ता बंदी घालते. एम्बार्गो एक राज्य दुसऱ्या राज्याच्या व्यापारावर घालतं. बॉयकॉटला सत्तेची गरज नसते, अनेकांनी मिळून संबंध तोडणं आणि त्यामागे काही मागणी किंवा निषेध असणं लागतं. म्हणून एकट्याला एखादं हॉटेल आवडलं नाही आणि तो जाईनासा झाला तर त्याला बॉयकॉट म्हणणं मला अतिशयोक्तीचं वाटतं.

आणि कर्म कसं बदलत गेलं ते मुलांना जरूर सांगा. १८८० मध्ये कर्म माणूस होता. आज बहुतेक वेळा माल, कंपनी, निवडणूक, परीक्षा, स्पर्धा असते. अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस शहराच्या बसमध्ये पाय ठेवला नाही, १९८० मध्ये अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकला संघ पाठवला नाही. माणूस कर्म असेल तर आता इंग्रजीतही आधी ‘सोशली’ जोडतात.

---

गोरखचिंच

नांगरट आणि आडवाट यांचं वाचून माझं वरचं वाक्य मला अपुरं वाटतंय. टिळकांच्या बाजूचा मी अजूनही आहे, पण ‘दुबळ्याच्या हातात’ हे गृहीत धरून चालणार नाही, ते दर वेळी तपासावं लागेल.

रानजाई, त्या कुळांचं पुढे काय झालं?

---

रानजाई

१८८१ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने जमीन कायदा केला. वाजवी खंड, खंड भरला तर बेदखल न होण्याची हमी आणि आपला हक्क विकण्याची मुभा, या लीगच्या तिन्ही मागण्या त्यात आल्या. पुढे १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्जावर कुळांना जमीन विकत घेता आली, आणि आयर्लंडातली बहुतेक शेतं कसणाऱ्यांच्या नावावर झाली. बॉयकॉट शेवटी सफकमध्ये दुसऱ्या एका जमीनदाराचा कारभारी झाला आणि १८९७ मध्ये वारला.

---

सांजवारा

एक शेवटचं. ‘द फॅमिली वॉज बॉयकॉटेड बाय द व्हिलेज’ याचं भाषांतर वहीत काय लिहून देऊ? कोशात बहिष्कार आहे.

---

आडवाट

‘गावाने त्या कुटुंबाला वाळीत टाकलं.’ कर्म माणूस आणि करणारं गाव असेल तर वाळीत टाकणं. माल, सभा, निवडणूक असेल तर बहिष्कार. कायद्याच्या पुस्तकात ‘सामाजिक बहिष्कार’ आहे, त्यामुळे तोही चूक धरू नका. पण मुलांना पहिलं वाक्य आधी द्या, ते वाचून त्या घराचं काय झालं हे त्यांना लगेच कळेल.